माळ्यावरचं तबक

मी आयर्लंडमध्ये राहून हिब्रू कवितेवर प्रबंध लिहिते, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग सावध होतो. हसतो, कारण पुण्याहून आलेल्या, नवऱ्याच्या व्हिसाला चिकटून आलेल्या बाईला हे कुठून सुचलं, असं त्याला वाटतं. सावध होतो, कारण पुढचा प्रश्न त्याच्या ओठांवर आलेला असतो: म्हणजे तुम्ही कोणाच्या बाजूच्या? हा प्रश्न मला बसस्टॉपवर विचारला गेला आहे, दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना विचारला गेला आहे आणि इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत चकलीच्या रांगेतही विचारला गेला आहे. मी कवितेच्या बाजूची, असं उत्तर सुरुवातीला मी द्यायची. पुढे पुढे ते माझं मलाच इतकं गुळगुळीत वाटायला लागलं की आता मी नुसती चिडते.

चिडणं हा माझा स्वभावच आहे. नवरा डब्लिनच्या टॅला भागातल्या मोठ्या हॉस्पिटलात लागला आणि मी पुण्यातली कॉलेजातली नोकरी सोडून इथे आले. पहिली दोन वर्षं व्हॅक्यूम क्लीनर फिरवण्यात आणि त्याच्या आवाजात रडण्यात घालवली. मग डब्लिनच्या एका विद्यापीठात नाव घातलं. हिब्रू का, तर विद्यार्थिदशेत इंग्रजीतून वाचलेल्या चार कविता डोक्यातून जात नव्हत्या म्हणून. शेकडो वर्षं फक्त प्रार्थनेला आणि अभ्यासाला वापरलेली एक भाषा. काही हट्टी माणसांनी ती उचलून बाजारात, स्वयंपाकघरात आणि बराकीत आणली. कवींच्या गळ्यात काम पडलं ते ‘आपण’ नावाची गोष्ट तयार करण्याचं. आपली माती, आपला नांगर, आपला सैनिक. त्यांनी ते झोकात केलं. आणि मग त्यांच्या मागून आलेल्यांनी, कधीकधी त्यांनी स्वतःच, तोच ‘आपण’ नखांनी खरवडायला घेतला. हे भांडण मला फार ओळखीचं वाटलं. शाळेच्या मैदानावर स्फूर्तिगीतं म्हणताना माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी यायचं आणि त्याच वेळी डब्यात काय असेल हेही डोक्यात असायचं. त्या दोन्ही गोष्टी एकाच कवितेत मावतात का, एवढंच मला बघायचं होतं.

पण हे कुणाला सांगायची सोय नाही. माझ्या मार्गदर्शकांना प्रबंधात माझी ‘भूमिका’ हवी असते, तीही पहिल्या प्रकरणात. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावरच्या मंडळींना हिब्रू म्हटलं की एकदम स्फुरण चढतं. बघा, त्यांनी मेलेली भाषा जिवंत केली, नाहीतर आपण! हे लिहिणाऱ्या गृहस्थांची मुलगी त्यांच्याच स्वयंपाकघरात, प्रेसमधून म्हणजे कपाटातून बिस्किटं काढताना, ‘बाबा, आय्‌म ग्रँड, स्टॉप’ म्हणजे मी ठीक आहे, पुरे, असं अस्सल टॅलाच्या सुरात सांगते. ती मराठी समजते, बोलत नाही. ते जिवंत करा की आधी, असं मी एकदा लिहिलं होतं.

या सगळ्यात मावशी आल्या.

मावशी म्हणजे माझ्या नवऱ्याबरोबर काम करणाऱ्या एका डॉक्टरांची आई. मूळ अलिबागकडच्या. आपल्याकडच्या बेने इस्राएल लोकांपैकी, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या यहुद्यांपैकी. पूर्वी गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी ते बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. घरची भाषा मराठी, नुसती मराठी. मावशींनी सारा जन्म प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं. आता ऐंशीच्या आसपास होत्या, डोळे अधू झाले होते, आणि मुलगा एका उन्हाळ्यापुरतं त्यांना इकडे घेऊन आला होता. इथल्या उन्हाळ्याला त्या ‘हा तुमचा उन्हाळा म्हणे’ एवढंच म्हणायच्या आणि अंगावरची शाल घट्ट करायच्या.

त्यांनीच मला बोलावून घेतलं. डॉक्टरांच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्या बसल्या होत्या आणि पुढ्यात एक पातळ, करड्या पुठ्ठ्याचं पुस्तक होतं.

“काय गो, तुला ही भाषा खरंच येते?”

“वाचता येते, मावशी. कळतेही बऱ्यापैकी.”

“मला वाचता येते, कळत नाही,” त्या म्हणाल्या आणि पुस्तक डोळ्यांशी नेऊन वाचायला लागल्या. मी थक्क झाले. लहानपणी प्रार्थनेपुरती शिकलेली अक्षरं त्या अजून बोट ठेवून ओळखत होत्या. आधुनिक कविता, जिच्यात ट्रक होता, पाण्याची टाकी होती, लष्करी बूट होते, ती त्या प्रार्थनेच्या संथ चालीवर, अलिबागी हेल काढत म्हणत होत्या. मध्येच एखादा शब्द ओळखीचा लागला की थांबायच्या. “हे पाणी. हे आई. पुढचं काय ते त्यालाच ठाऊक.”

तो म्हणजे त्यांचा दादा. मावशी परकर-पोलक्यात होत्या तेव्हा तो बोटीनं इस्राएलला गेला. तिथे रस्त्याच्या कामावर लागला, हिब्रू शिकला, आणि कविता लिहायला लागला. घरी सुरुवातीला मराठीत पत्रं यायची, मग पैसे यायचे, मग फोटो यायचे, मग काहीच नाही. एकदाही परत आला नाही. आई गेली तेव्हाही नाही. काही वर्षांपूर्वी तोही गेला आणि त्याच्या मुलांनी, ज्यांना मराठीचं एक अक्षर येत नाही, हे पुस्तक मावशींना पाठवलं.

“आमचा दादा देशाचा कवी होता गो,” मावशी म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी शाळेत, शेजारीपाजारी, लग्नकार्यात किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. आईच्या शेवटाला भाऊ का आला नाही, असं कुणी विचारलं की हेच उत्तर. देशाच्या कामात होता. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “मला एवढंच बघून दे. यात कुठे आमचं काही आहे का? घराचं, आईचं? आहे का नाही, एवढं कळलं की झालं. परत गेल्यावर मला कोण सांगणार आहे?”

मी पुस्तक घरी आणलं. खरं सांगायचं तर कविता बऱ्याचशा सामान्य होत्या. माती, घाम, सूर्य, परत माती. शेवटची मात्र तशी नव्हती. ती लांबलचक होती, चार पानं चालली होती, आणि ती वाचून मी खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाहेर शेजाऱ्याचा कचऱ्याचा डबा वाऱ्यानं आडवा झाला होता, तो बघत राहिले.

सुरुवातीला तीच ठरलेली ललकारी होती, पण हात खरे राबलेल्या माणसाची. दगडावर दगड ठेवला, तळहाताची साल गेली, आणि मग:

आलो. अखेर घरी आलो.
आईनं मला याच भाषेत जन्म दिला असावा
इतकं हे रान माझं ऐकतं.

इथे पान संपतं. पान उलटलं की सूर बदलतो. त्याला एक घर मिळालं आहे. त्या घराला आधीचे मालक होते, हुसकावले गेलेले अरब.

घराला आम्ही निळा रंग दिला.
अंगणातलं अंजीर दर वर्षी फळतं
आणि फाटकाकडे बघतं.
माझं नाव ते विचारत नाही.

आणि त्याहून पुढे, अगदी शेवटी, आईशी बोलणं सुरू होतं. त्यात एक तबक आहे, पाच फळं आहेत, खोबरं आहे, एलियाहू हन्नाबी म्हणजे त्यांचा तो घरोघर येणारा संदेष्टा आहे, आणि ‘चेपलेला तांदूळ’ आहे. पुस्तकाला तिथल्या कुणा समीक्षकाची प्रस्तावना होती. त्यानं लिहिलं होतं की चेपलेला तांदूळ हे हद्दपारीत चिरडल्या गेलेल्या पिढ्यांचं प्रतीक आहे, आणि तबक म्हणजे त्यांना पोटात घेणारी मायभूमी. मी कपाळाला हात लावला. अहो, पोहे आहेत ते! बिचाऱ्याला हिब्रूत पोह्यांना शब्द सापडला नाही. एक माणूस कवितेत पोहे भिजवतो आहे आणि तुम्ही त्याच्या पातेल्यावर झेंडा लावताय.

अर्थात, पोहे ओळखले म्हणून मी काही मोठी शहाणी ठरले नाही. मला वाटलं, घरच्या नाश्त्याची आठवण असेल. मी सगळी कविता मराठीत केली, दोनतीनदा घासली, आणि मावशींना वाचून दाखवा म्हणून डॉक्टरांना पाठवून दिली. माझ्या ओरल परीक्षेची धांदल होती, मला तिकडे जायला जमणार नव्हतं. डॉक्टरांचा लगेच निरोप आला. वहिनी, आई रडली, खूप खूश आहे, थँक यू सो मच.

त्याच सुमाराला आमच्या भागातल्या वाचनालयानं बहुभाषिक कवितावाचन ठरवलं. प्रत्येक भाषेच्या मंडळींनी एक कविता वाचायची. मराठीचं काम मंडळाकडे आलं, मंडळात डॉक्टर होते, आणि त्यांनी परस्पर माझं नाव आणि मावशींच्या दादाची कविता कळवून टाकली. आई पहिल्या रांगेत बसेल, वहिनी, तिच्या भावाची कविता लोक ऐकतील, यापेक्षा काय पाहिजे? मलाही ते पटलं. मी इंग्रजी गोषवारा करून वाचनालयाला पाठवला.

तिथल्या ग्रंथपालबाई मला आवडतात. उंच, विस्कटलेल्या केसांच्या, चहा देताना कधी हात आखडता न घेणाऱ्या. त्यांनी मला बोलावलं आणि आधी बराच वेळ हवापाण्याचं बोलल्या. इथे कुणी हवेबद्दल इतकं बोललं की पुढे काहीतरी अवघड येणार, हे मी शिकले आहे. शेवटी म्हणाल्या, कविता सुंदर आहे, विशेषतः ते अंजिराचं झाड. तेवढंच वाचलं तर? सुरुवातीचा भाग सध्याच्या दिवसांत लोकांना खुपेल. आणि पत्रिकेत ‘हिब्रूतून’ असं लिहिण्याऐवजी नुसतं ‘अनुवादित’ लिहिलं तर चालेल का?

लोकांच्या रागाला कारण नाही, असं मी म्हणणार नाही. इथल्या खिडक्याखिडक्यांत अरबांच्या बाजूचे झेंडे लागलेत ते उगीच नाहीत. या लोकांनी दुसऱ्याच्या टाचेखाली राहून पाहिलं आहे आणि बातम्या बघून त्यांचा जीव जळतो. माझाही जळतो. पण मी त्यांना म्हटलं, की ते अंजीर बघणारा माणूस आणि ‘घरी आलो’ म्हणणारा माणूस एकच आहे. पहिला काढला तर दुसऱ्याला बोचतंय काय, ते कसं कळणार?

त्या हसल्या. शाळेत आम्हालाही मायभूमीच्या कविता आयरिशमध्ये पाठ करायला लावायचे, म्हणाल्या, चुकलं की पट्टी बसायची. भाषा विसरले, पट्टी आठवते. मग तुम्हाला तरी कळायला हवं, असं मी म्हणाले, जरा जास्तच जोरात. शेजारच्या टेबलावरचा पेपर वाचणारा म्हातारा वर बघायला लागला. मला कळतं हो, त्या म्हणाल्या, पण समितीतल्या योर मॅनला समजावणं आलं. योर मॅन म्हणजे इथल्या बोलीत कुणीही एक गृहस्थ, ज्याचं नाव घ्यायचं नसतं आणि ज्याच्यामुळे सगळी कामं अडतात. तो आमच्या मंडळातही आहे.

घरी येऊन मी डॉक्टरांना फोन लावला. वाटलं, ते तरी भडकतील.

“वहिनी, अंजिराचं तर मुळीच नको,” ते म्हणाले. “आपण पहिलंच पान वाचू या ना. ‘घरी आलो’पर्यंत. छान आहे ते, पॉझिटिव्ह आहे. मंडळातले पण तेच म्हणतायत, भाषेचा अभिमान वगैरे.”

“म्हणजे वाचनालयाला दुसरं पान हवं, तुम्हाला पहिलं. अख्खी कविता कुणालाच नको?”

“कुणाला हवीये अख्खी? लिसन, लोक तासभर बसणारेत. चहाबिस्किटं आहेत. कशाला उगाच?”

मी फोन ठेवला आणि भांडी घासली, घासलेली परत घासली. माझा प्रबंध काय आहे म्हणून लोक विचारतात ना, तर तो हाच आहे. चार पानांची कविता, आणि प्रत्येकजण आपल्याला हवं ते पान फाडून नेतो. राष्ट्र ज्यांना उभारायचं होतं त्यांनी पहिलं नेलं, राष्ट्राला जाब विचारायचा होता त्यांनी दुसरं नेलं. शेवटचं पान कुणी नेलं नाही, कारण त्यात नुसते पोहे होते. नवरा म्हणाला, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. त्याच्याशीही भांडले.

वाचनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी डॉक्टरांकडे गेले. मावशींना उद्या काय वाचणार ते सांगायचं होतं आणि मला स्वतःलाच ते माहीत नव्हतं. डॉक्टर सुट्टीवर होते, त्यांनीच दार उघडलं आणि चहा टाकला. मावशी टेबलाशी होत्या, पुढ्यात तेच करडं पुस्तक.

“ये गो. काय झोकात संपवलीय दादानं! ‘आलो, अखेर घरी आलो.’ एकदम ताठ मानेनं.” त्यांनी माझा हात धरला. “आमचं काही नाही त्यात, आईचं नाव एकदाच, तेही असं उडत. पण असू दे. देशाचा कवी, घरचं कशाला लिहील?”

मी डॉक्टरांकडे बघितलं. ते चहाच्या पिशव्या कपांत घालत होते, नको इतक्या लक्षपूर्वक. त्यांनी आईला पहिलंच पान वाचून दाखवलं होतं. बाकीची तीन पानं त्यांच्या फोनमध्येच राहिली होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण मी तोंड उघडायच्या आत मावशींनीच पुस्तक डोळ्यांशी नेलं आणि पान उलटलं. आणखी एक उलटलं. शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

“मला एक सांग. ही याच्या पुढची दुसरी कविता का? मथळा तर दिसत नाही. इथे बघ, एलियाहू हन्नाबी आहे. हे मी झोपेतसुद्धा वाचीन. आणि त्याच्या वर ‘आई’ आहे. दोनदा.”

“वहिनी, प्लीज,” डॉक्टर म्हणाले.

“तू गप्प बस,” मावशी म्हणाल्या. शाळेत पोरं कशी गप्प बसत असतील ते मला कळलं. “काय लपवताय रे माझ्यापासून?”

“आई, तुला त्रास होईल म्हणून. तू इतकी खूश होतीस.”

“मी विचारलं काय होतं? आमचं काही आहे का, हे विचारलं होतं. खूश कर म्हणून कुणाला सांगितलं होतं?”

डॉक्टरांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. वाचा, अशी. माझ्या पिशवीत उद्यासाठीचा कागद होताच. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. दगड, तळहात, घरी आलो. मग निळं घर आणि अंजीर. तिथे मावशी म्हणाल्या, “कुणाचं होतं ते घर?” मी म्हटलं, नाव नाही लिहिलेलं, त्यालाही माहीत नसावं. त्यांनी ‘हं’ केलं. त्या ‘हं’मध्ये काय होतं ते मी अजून ठरवू शकलेले नाही. मग मी शेवटचं वाचलं:

आई, ते तबक खाली काढ.
पोहे भिजव, खोबरं घाल, पाच फळं मांड,
हन्नाबीचं नाव घे आणि येईल त्याला वाढ.
माझ्यासाठी ते रिकामं ठेवू नकोस.
मी इथेही पोचलेलो नाही.

केटल बंद होऊन बराच वेळ झाला होता. डॉक्टर टेबलाशी येऊन बसले आणि मला समजावून सांगू लागले, कारण या घरात ते न कळणारी मी एकटीच होते. त्यांच्यात नवस फेडायचा असला की मलिदा करतात. भिजवलेले गोड पोहे, खोबरं, सुका मेवा, वर फळं, गुलाबाची फुलं, आणि एलियाहू हन्नाबीच्या नावानं प्रार्थना. मग सगळ्यांना वाटायचं. दादा बोटीवर चढला त्या दिवशी त्यांच्या आजीनं, म्हणजे मावशींच्या आईनं, नवस बोलला होता, की पोरगा सुखरूप घरी परत येईल त्या दिवशी मलिदा करीन. त्यासाठी पितळेचं एक मोठं तबक नवं आणलं. ते दुसऱ्या कशाला वापरायचं नाही असं ठरलं. लग्नं झाली, बारशी झाली, मलिदे झाले, पण ते तबक माळ्यावरच राहिलं. आजी दर सणाला ते खाली उतरवून चिंचेनं घासायची आणि परत वर ठेवायची.

“शेवटच्या आजारात तिला चढवेना,” मावशी म्हणाल्या. “मग मी चढायचे. घासून झालं की ती त्यात तोंड बघायची. म्हणायची, लख्ख आहे ना, तो येईल तेव्हा धावपळ नको. तिनं त्याला पत्रात कळवलंही होतं तबकाचं. मीच लिहिलं होतं, ती सांगायची आणि मी लिहायची. म्हणजे त्याला माहीत होतं. येणार नाही हेही त्याला माहीत होतं. आणि हे त्यानं सांगितलं कुठे, तर कवितेत! आणि कुठल्या भाषेत, तर आईला जी कळत नव्हती तिच्यात!”

“मावशी, त्यांना बहुतेक मराठीत लिहिणं…” मी उगीच काहीतरी बोलू लागले.

“येत होतं! त्याच्या पत्रांतलं शुद्धलेखन मीच सुधारायचे, धाकटी असून! तिथल्या धर्मगुरूंनी त्याच्या लग्नात खोट काढली, तू खरा यहुदी कशावरून म्हणाले, ते लिहिलं होतं की मराठीत. आणि हे नाही लिहवलं? एक पोस्टकार्ड टाकायचं. आई, मी येत नाही, तबक काढ. एवढंच. तिनं एक दिवस रडून घेतलं असतं आणि मलिदा वाटला असता. त्याऐवजी सगळ्या देशाला ऐकवलंन, आणि देशाला पोहे म्हणजे काय ते माहीत नाही.”

त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं होतं त्या कोसळतील, आणि त्या संतापल्या होत्या. मला फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत माझ्याइतकं चिडलेलं कुणी तरी भेटलं होतं, आणि ज्याचा चिडायचा खरा हक्क होता असं भेटलं होतं. मी प्रस्तावनेतली ती मायभूमी आणि चिरडलेल्या पिढ्या त्यांना सांगितल्या. “मेल्यानं कधी पोहे खाल्ले नसतील,” त्या म्हणाल्या.

निघताना मी विचारलं, उद्या काय वाचू? डॉक्टर म्हणाले, वाटलं तर आपण नाव मागे घेऊ. मावशी म्हणाल्या, “सगळी वाच. पहिल्यापासून. आणि मराठीतच वाच, त्यांना इंग्रजी बिंग्रजी काही देऊ नकोस. जिला सांगायचं होतं तिला एकदा तिच्या भाषेत मोठ्यानं सांगून होऊ दे.”

मी तसंच केलं. वाचनालयात खुर्च्या बऱ्यापैकी भरल्या होत्या. पत्रिकेत माझ्यापुढे ‘मराठी कविता, अनुवादित’ एवढंच छापलं होतं. समितीतले योर मॅन दुसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. मंडळातले चौघंपाचजण आले होते आणि त्यातले दोघं बाहेर फोनवर होते, बाकीचे आत आपापल्या फोनमध्ये. मी उभी राहिले आणि चारही पानं वाचली. ‘घरी आलो’ला कुणी छाती फुगवली नाही, अंजिराला कुणी हळहळलं नाही. पहिली रांग सोडली तर कुणाला शब्दही कळला नाही. सगळे सौम्य हसून ऐकत होते, इथे लोक दुसऱ्याच्या भाषेतलं ऐकतात तसे. शेवटचं पान मी कागदावरून वर बघून, पहिल्या रांगेकडे बघून वाचलं. मावशी डोळे मिटून बसल्या होत्या आणि ओठ हलवत होत्या.

टाळ्या चांगल्या पडल्या. ग्रंथपालबाई येऊन म्हणाल्या, किती गोड भाषा, अगदी गाण्यासारखी. योर मॅननी माझा गोषवारा वाचलाच नसावा; त्यांनी माझा हात हलवला आणि हे निसर्गाबद्दल होतं का, असं विचारलं. मी हो म्हटलं. ज्या कवितेवरून पंधरा दिवस माझं डोकं पिकलं होतं ती अख्खीच्या अख्खी वाचून झाली आणि कुणाचं काही बिघडलं नाही, कारण कुणाला कळलीच नाही. मला हसावं की बिस्किटांची थाळी भिरकावून द्यावी ते कळेना.

परत जाताना डॉक्टर गाडी चालवत होते, मी मागे, मावशी पुढे. हॉस्पिटलच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मावशींनी मुलाच्या फोनवरून अलिबागला शेजारणीला फोन लावून घेतला. तिच्याकडे घराची किल्ली असते.

“झोपली नव्हतीस ना? बरं ऐक. आमच्या माळ्यावर पितळेचं मोठं तबक आहे, कापडात बांधलेलं. ते खाली काढ आणि चिंचेनं घासून ठेव. हो, तेच. मी आले की मलिदा करायचाय.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. डॉक्टरांनीही मान वळवून आईकडे बघितलं.

“कोण नाही गो येत,” मावशी म्हणाल्या. “येईल त्याला वाढायचाय.”

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीनं हॉर्न दिला, तरी डॉक्टर जरा वेळ तसेच बसून राहिले.